मुक्कामाची परवानगी : कुरुंदवाड परिसर आणि मुलींच्या शिबिरांचा पूर्वेतिहास

पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ, नृसिंहवाडीच्या पैलतीरी वसलेले कुरुंदवाड हे पटवर्धन घराण्यातील एका शाखेच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. १८११ मध्ये या शाखेच्या मुलखाची वाटणी झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उरलेल्या भागाच्याही थोरली व धाकटी अशा दोन पात्या पडल्या. १९०१ च्या जनगणनेत थोरल्या पातीची लोकसंख्या ४२,४७४ आणि धाकटीची ३४,००३ नोंदली गेली, तर दोन्ही पात्यांचे अधिपती जिथे राहत त्या खुद्द कुरुंदवाड गावात १०,४५१ माणसे होती. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता; तो इतर संस्थानांत आणि इंग्रजी अमलाखालील जिल्ह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता, त्यामुळे एका दिवसाच्या चालीत माणूस दोन-तीन राज्यकर्त्यांच्या हद्दी ओलांडून जाई आणि एका गावात चालणारा कायदा शेजारच्या गावात चालेलच अशी खात्री नसे. मुलींच्या आयुष्याशी ही गोष्ट फार जवळून निगडित होती, कारण लग्नाच्या वयासंबंधीचा कायदाही याच हद्दींशी येऊन थांबत असे.

मुलींचे शिबिर म्हणजे निरनिराळ्या घरांतील किंवा गावांतील अविवाहित मुलींनी काही रात्री एकत्र मुक्काम करून, अनुभवी स्त्री कार्यकर्त्यांच्या देखरेखीखाली आरोग्य, शरीर, कायदा, खेळ, गाणी आणि सामूहिक कामे यांचे शिक्षण घेणे. आज शाळा, महाविद्यालये आणि स्वयंसेवी संस्था असे उपक्रम इतक्या सहजपणे भरवतात की ही पद्धत अलीकडे बाहेरून आली, असा समज होतो. तो अर्धाच खरा आहे. असे शिबिर भरण्यासाठी न्हाण येणे आणि लग्न होणे यांच्यामध्ये मुलीच्या वाट्याला काही वर्षे यावी लागतात, तिला रात्री घराबाहेर राहण्याची मुभा मिळावी लागते, आणि जिच्या भरवशावर आईवडील ही मुभा देतील अशी एखादी बाई गावाच्या ओळखीची असावी लागते. या गोष्टी एकाच वेळी घडून आल्या नाहीत, आणि शिबिरात काय शिकवले जाते यापेक्षा त्या कशा घडल्या हाच या इतिहासाचा अधिक महत्त्वाचा भाग आहे.

जुन्या व्यवस्थेत, विशेषतः उच्चवर्णीय घरांत, मुलीचे लग्न न्हाण येण्यापूर्वीच होत असे, म्हणून आज जिला किशोरी म्हणतात अशा मुलीला समाजात वेगळी जागाच नव्हती. ती बालिका असे, आणि त्यानंतर एकदम सून होत असे. न्हाण आल्यावर तिला मखरात बसवण्याची रीत होती. मखर म्हणजे केळीचे खुंट, फुले आणि कागदी नक्षी यांनी सजवलेली बैठक. चार दिवस तिला वेगळे ठेवले जाई, आळीतल्या सुवासिनी येऊन ओटी भरत, गोडधोड करत, गाणी म्हणत, आणि शास्त्रानुसार ऋतुशांती झाली की तिचे सासरी नांदणे सुरू होई. या रीतीकडे केवळ मागासलेपणाची खूण म्हणून पाहणे पुरेसे नाही. वयात येणाऱ्या मुलीला काही दिवस घरकामापासून बाजूला काढणे, वडीलधाऱ्या बायकांनी तिच्याभोवती जमणे आणि शरीराविषयी चारचौघींत बोलता येणे, हे आजच्या शिबिराचे घटक तिच्यातही होते. फरक असा, की मखरातले सारे बोलणे गर्भधारणेच्या दिशेने जाई आणि मुलीला त्यात प्रश्न विचारण्यास वाव नसे.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले, आणि त्यावरून महाराष्ट्रात केवढे रण माजले हे सर्वज्ञात आहे. १९२९ मध्ये संमत झालेला बालविवाह प्रतिबंधक कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला सारडा कायदा, १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरले. मात्र हा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. कुरुंदवाडसारख्या संस्थानांना तो आपोआप लागू होत नव्हता, आणि ज्या भागात हद्दी इतक्या गुंतलेल्या होत्या तिथे एका हद्दीतले लग्न दुसऱ्या हद्दीत उरकणे अवघड नव्हते. पुढे हे वय १९४९ मध्ये पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. कायदा आणि वागणूक यांत अंतर राहिले तरी न्हाण आणि लग्न यांच्यामध्ये चार-पाच वर्षांचा एक नवा टप्पा हळूहळू तयार झाला, आणि त्या टप्प्यातल्या मुलीचे काय करायचे हा प्रश्न घरापुढे, शाळेपुढे आणि नंतर सरकारपुढे उभा राहिला.

मुक्कामाचा प्रश्न याहून चिवट होता. स्त्रियांनी घराबाहेर रात्र काढणे कृष्णाकाठच्या समाजाला अपरिचित नव्हते. माहेरपण, बाळंतपण, आजोळ, लग्नकार्य यांखेरीज यात्रा होतीच. नृसिंहवाडीच्या दत्तस्थानी सेवेसाठी दिवसेंदिवस राहणाऱ्या बायका असत, आणि गुरू कन्या राशीत आला की सुमारे बारा वर्षांनी येणाऱ्या कन्यागत पर्वात तर संपूर्ण कुटुंबे नदीकाठी मुक्काम करत. परंतु हे सारे मुक्काम नात्याच्या किंवा देवाच्या आधारावर होते. नाते नाही, देवकार्य नाही आणि तरीही लग्नाची मुलगी परक्या छपराखाली झोपणार, या कल्पनेला परंपरेत जागा नव्हती. म्हणूनच शिबिर भरवणाऱ्यांना गावोगावी पहिला प्रश्न अभ्यासक्रमाचा येत नाही. मुली झोपणार कुठे आणि त्यांच्याजवळ कोण असणार, हाच प्रश्न प्रथम येतो.

ही अडचण सर्वप्रथम विधवांच्या बाबतीत सैल झाली, आणि त्यामागचे कारण फारसे उदात्त नाही. जिच्या लग्नाची काळजी उरलेली नाही आणि जी घरात ओझे मानली जाते, तिच्या मुक्कामाबद्दल घर तेवढे हट्टी राहत नसे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि लवकरच तो हिंगण्याला नेला, तेव्हा तिथे येऊन राहणाऱ्यांत प्रामुख्याने तरुण विधवा होत्या. त्यांच्यापैकी पार्वतीबाई आठवले यांनी पुढे संस्थेसाठी निधी जमवत देशभर आणि अमेरिकेपर्यंत प्रवास केला. १९०८ मध्ये कर्व्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. स्त्रीशिक्षणाच्या कार्याला आयुष्य वाहून घेणाऱ्या, वैयक्तिक लाभाची अपेक्षा न ठेवणाऱ्या स्त्री-पुरुषांचा तो संघ होता. स्वयंसेविका ही कल्पना महाराष्ट्रात संस्थात्मक रूपाने दिसू लागली ती साधारण या सुमारास, आणि तिच्या मुळाशी त्यागाची भाषा होती हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे तिचा परिणाम मोबदल्याच्या प्रश्नावर झाला. कुरुंदवाडच्या शेजारी कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या काळात वाट थोडी निराळी होती. तिथे रखमाबाई केळवकर फीमेल ट्रेनिंग स्कूलचे, म्हणजे शिक्षिका तयार करणाऱ्या शाळेचे, काम पाहत होत्या आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर होऊन कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू झाल्या. पगारी शिक्षिका आणि पगारी डॉक्टर यांच्या रूपाने भरवशाची बाई तयार होण्याची ही दुसरी रीत होती.

शिबिर या रचनेला मात्र राजकारणाने आकार दिला. डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांनी १९२३ मध्ये उभारलेल्या हिंदुस्थानी सेवा दलाचे केंद्र हुबळीत होते, आणि डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा व्यवस्थेचा मोठा भार या दलाने उचलला. स्त्री स्वयंसेवकांची जबाबदारी उमाबाई कुंदापूर यांच्याकडे होती. मुंबईत वाढलेल्या आणि वैधव्य आल्यावर हुबळीत भगिनी मंडळाचे काम करणाऱ्या उमाबाईंनी गावोगाव फिरून दीडशेहून अधिक स्त्रिया गोळा केल्या, आणि त्यांतही विधवा पुष्कळ होत्या. बेळगाव हे कुरुंदवाडच्या दृष्टीने परमुलूख नव्हे. संस्थानाची काही गावे बेळगाव जिल्ह्याच्या गावांत मिसळलेली होती आणि मराठी-कानडी अशा दोन्ही भाषांत तिथला व्यवहार चाले. शेकडो परक्या माणसांच्या गर्दीत, तंबूंच्या छावणीत, दिवसरात्र राहून बायका शिस्तीने काम करतात आणि त्यांच्या नावाला बट्टा लागत नाही, हे या भागाने इथे डोळ्यांनी पाहिले. पुढच्या पिढीतील मुलींना परवानगी मागताना असा दाखला किती उपयोगी पडला असेल याची कल्पना करता येते.

अविवाहित मुली मोठ्या संख्येने शिबिरांत दिसू लागल्या त्या त्यानंतरच्या दीड-दोन दशकांत. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई केळकर यांनी वर्ध्याला राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, जिचे वर्ग केवळ स्त्रियांचे होते. ४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात नव्याने संघटित झालेल्या राष्ट्र सेवा दलाने याच्या उलट निर्णय घेतला आणि मुलामुलींच्या एकत्र शाखा व शिबिरे चालवली. त्या काळात हे धाडसच होते, आणि सेवा दलातील मुलींच्या आठवणींत विचारसरणीपेक्षा घरच्यांची समजूत घालण्याचे प्रसंग अधिक रंगलेले आढळतात, यात नवल नाही. दोन्ही संघटनांची दैवते निराळी होती, परंतु दोघींनीही मुलीच्या हाती काठी दिली, तिला कवायत शिकवली आणि रात्रीच्या मुक्कामाला राष्ट्रकार्याचे अधिष्ठान दिले. नाते आणि देव यांच्या जोडीला देश हे मुक्कामाचे तिसरे मान्य कारण झाले. तिसरा प्रवाह गाइड चळवळीचा होता. हिंदुस्थानातील तिची पहिली तुकडी १९११ मध्ये जबलपूरला निघाली, आणि या चळवळीच्या जागतिक संघटनेचे ‘संगम’ हे केंद्र १६ ऑक्टोबर १९६६ रोजी पुण्यात उघडले. परदेशी स्वयंसेविका महाराष्ट्रात येऊन मुलींबरोबर राहते हे दृश्य त्यामुळे पुणेकरांना निदान सहा दशकांपासून परिचित आहे.

शिबिराच्या दिनक्रमात प्रार्थनेला आणि समूहगीताला जे स्थान मिळाले त्याच्याशी कुरुंदवाडचा एक अनपेक्षित धागा जुळतो. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी याच गावात झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्यावर ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय उघडले. कुलीन घरातील मुलीने गाणे म्हणणे ज्या काळात संशयास्पद होते त्या काळात त्यांनी भजन आणि राष्ट्रगीत यांच्या मार्गाने गाण्याला घरांत प्रवेश मिळवून दिला, आणि ‘रघुपति राघव’ची त्यांनी रूढ केलेली चाल पुढे असंख्य शिबिरांच्या सायंप्रार्थनेत म्हटली गेली. ज्या मुलीला मुक्कामाची परवानगी हवी होती तिच्यासाठी गाण्याचीही परवानगी आधी कोणीतरी मिळवलेली होती, एवढेच यातून घ्यायचे. याहून अधिक अर्थ काढणे म्हणजे गावाच्या अभिमानापोटी इतिहासाला ताण देणे होईल.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गांधींचे निधन झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ जो राष्ट्रीय निधी जमला त्यातून उभ्या राहिलेल्या कस्तुरबा ट्रस्टने खेड्यांतील स्त्रिया आणि मुले एवढेच आपले कार्यक्षेत्र ठरवले. महाराष्ट्रात सासवडला प्रेमा कंटक यांनी आणि कर्नाटकात उमाबाई कुंदापूर यांनी ग्रामसेविका तयार करण्याचे काम चालवले. ग्रामसेविका म्हणजे काही महिन्यांचे निवासी शिक्षण घेऊन एखाद्या खेड्यात कायम राहणारी कार्यकर्ती. या टप्प्यावर कामाची दिशा बदलली. आतापर्यंत मुलीला किंवा बाईला घरातून उचलून आश्रमात, अधिवेशनात किंवा शहरातील शिबिरात न्यावे लागत होते. आता शिकलेली बाई तिच्या गावात जाऊन राहू लागली.

८ मार्च १९४८ रोजी कुरुंदवाड संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. विखुरलेली गावे ज्या त्या जिल्ह्यांत गेली, आणि कुरुंदवाड गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात आले. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ सुरू झाले, आणि २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजनेचा आरंभ झाला. महाविद्यालयाने एखादे खेडे दत्तक घ्यायचे आणि वर्षातून एकदा तिथे निवासी शिबिर भरवायचे, ही या योजनेतील मुख्य तरतूद होती. १९७३ मध्ये दुष्काळाविरुद्ध युवक ही कल्पना घेऊन देशभर शिबिरे झाली तेव्हा महाराष्ट्र स्वतःच १९७२ च्या दुष्काळातून जात होता. पहाटेची प्रभातफेरी, सकाळचे श्रमदान, दुपारचे बौद्धिक, संध्याकाळी सर्वेक्षण आणि रात्री शेकोटीभोवती करमणूक, हा श्रमसंस्कार शिबिराचा साचा सेवा दलाच्या पिढीकडून जवळजवळ तसाच आला होता. मुलींपुरते त्यात नवे होते ते सरकारी कागद. प्राचार्यांचे पत्र, पालकांचे संमतिपत्र आणि सोबत महिला प्राध्यापक असल्याची हमी मिळाल्यावर, जे घर पूर्वी देशाच्या नावाने नाखुशीने होकार देत होते ते आता परीक्षेतील गुणांच्या आणि प्रमाणपत्राच्या नावाने देऊ लागले. या बदलाला उथळ म्हणण्याचा मोह होतो, पण परवानगी मिळण्याच्या इतिहासात प्रमाणपत्राने केलेले काम भाषणांनी केलेल्या कामापेक्षा कमी ठरत नाही.

१९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर शिबिरातील विषय बदलले. स्त्री मुक्ती संघटनेचे ज्योती म्हापसेकर लिखित ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून गावोगाव झाले आणि हुंडा, मारहाण, मुलीचा जन्म यांवर उघड बोलणे शक्य झाले. कोल्हापूर जिल्ह्याला हे बोलणे फार झोंबणारे होते. ऊस, दूध आणि सहकार यांनी सधन झालेल्या या जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर १००० मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली आढळल्या. त्यानंतर जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याची मोहीम झाली, आणि मुलींच्या शिबिरांत या प्रश्नाला कायमची जागा मिळाली. यात एक विसंगती होती. गर्भलिंगनिदानाचा निर्णय घेणारी माणसे शिबिराबाहेर होती, आणि त्या निर्णयाविरुद्धचे प्रबोधन मात्र चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना ऐकावे लागत होते.

याच सुमारास आफ्रिकेतील ग्रामीण भागात जे घडत होते त्याच्याशी तुलना उपयोगी ठरते. मुलींच्या नेतृत्वशिबिरांचा एक नमुना अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक योजनेने १९९५ मध्ये रुमानियात सुरू केला आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत नेला. त्यात बाहेरून आलेली तरुण स्वयंसेविका हीच मध्यवर्ती व्यक्ती असे. केनियाच्या थराका भागात १९९६ मध्ये झालेला प्रयोग निराळ्या जातीचा होता. तिथे वयात येताना मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन करण्याची प्रथा होती आणि त्यापूर्वी काही दिवस त्यांना वेगळे ठेवून वडीलधाऱ्या बायका संसाराचे शिक्षण देत. ‘मैंदेलेओ या वानावाके’ या केनियन महिला संघटनेच्या साहाय्याने तिथल्या आयांनी वेगळे ठेवणे, शिक्षण आणि शेवटचा गावसोहळा हे तिन्ही राखले आणि छेदन तेवढे वगळले. मखराची रीत आठवली की या युक्तीतले शहाणपण कळते. महाराष्ट्रातील सुधारकांनी मखर टाकून दिला आणि त्याच्या जागी शाळेचा वर्ग आणला. त्यामुळे पाळीविषयी बोलण्याची जी एक बायकांची सभा परंपरेने चालवलेली होती ती मोडली, आणि तोच विषय शिबिरात पुन्हा उघडायला जवळजवळ तीन पिढ्या गेल्या. केनियातील आयांनी ती सभा हातची जाऊ दिली नाही.

२०१० मध्ये केंद्र सरकारने किशोरवयीन मुलींसाठी ‘सबला’ योजना देशातील २०० जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. महाराष्ट्रातील निवडक जिल्ह्यांत कोल्हापूर होता. अकरा ते अठरा वयाच्या पंधरा-पंचवीस मुलींचा किशोरी गट, त्यातली एक ‘सखी’ आणि दोन ‘सहेली’, पूरक आहार, लोहाच्या गोळ्या, जीवनकौशल्यांचे शिक्षण आणि दर तीन महिन्यांनी किशोरी दिवस अशी तिची आखणी होती. हे सारे गावच्या अंगणवाडीत होत असल्याने मुक्कामाचा प्रश्नच मिटला. पण त्याबरोबर मुक्कामातून मिळणारे, म्हणजे घराबाहेर चार रात्री काढून सुखरूप परत येण्याचा अनुभव मिळण्याचे, साधनही गेले. भरवशाची बाई मात्र पक्की झाली, आणि ती म्हणजे अंगणवाडी सेविका. तिला पगार नव्हे, मानधन मिळते, कारण ती कागदोपत्री स्वयंसेविका मानली गेली; निष्काम कर्माची जुनी भाषा इथे सरकारच्या सोयीची ठरली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस १९७२ च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, तेव्हा त्या करतात ते काम हे काम आहे, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला अंगणवाडी योजनेच्या आरंभापासून जवळजवळ सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. किशोरींची योजना मात्र तोवर आकसली होती. २०१८ मध्ये ती अकरा ते चौदा वयाच्या शाळाबाह्य मुलींपुरती उरली होती.

या सर्व इतिहासाच्या कडेला शिरोळ तालुक्यातील मुलींचा एक गट उभा आहे, ज्याच्या बाबतीत परवानगीचा प्रश्न कोणी विचारत नाही. गळीत हंगामात बीड आणि मराठवाड्यातील इतर भागांतून ऊसतोडणीच्या टोळ्या कृष्णा-पंचगंगेच्या काठी येतात आणि फडाजवळ पाचटाच्या कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. त्यांच्याबरोबर आलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी इतक्या रात्री घरापासून दूर काढते की कोणत्याही शिबिरार्थी मुलीने तेवढ्या काढल्या नसतील. धाकटी भावंडे सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी थापणे हा तिचा दिनक्रम असतो. महाविद्यालयांची निवासी शिबिरे बहुधा याच हिवाळी दिवसांत शेजारच्या गावात भरतात, परंतु तिचे नाव मूळ गावच्या पटावर असते आणि शिबिराचे सर्वेक्षण दत्तक गावच्या घरांपुरते असते. साखरशाळा झाल्या त्याही मुख्यतः प्राथमिक वयाच्या मुलांसाठी. शिवाय मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे मुलगी वयात आली की तिचे लग्न लावून नवी जोडी उभी करण्याची घाई होते, आणि न्हाण व लग्न यांच्यामध्ये शंभर वर्षांच्या खटपटीने जी चार-पाच वर्षे मोकळी झाली होती ती या कोप्यांमध्ये पुन्हा एक-दोन वर्षांवर येतात.